समितीत सगळे येत नाहीत, म्हणजे नेमकं कोण येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून पुण्यातल्या एका संस्थेत लागल्या, त्याला आठ महिने झाले. वस्ती साधारण चारशे घरांची. मराठवाड्यातून आलेली जुनी कुटुंबं, एक वडार गल्ली, एक मुस्लिम गल्ली, गेल्या पाच-सहा वर्षांत आलेले उत्तर प्रदेश-बिहारचे भाडेकरू आणि नाल्याच्या कडेला पारध्यांची दहा-बारा पालं. संस्थेला मार्चपर्यंत एकवीस जणांची ‘सर्वसमावेशक वस्ती समिती’ हवी आहे. सभेला दर वेळी तीच पंधरा माणसं येतात. सगळ्यांना एकत्र आणायचं म्हणून ताईंनी खाद्यमहोत्सव घेतला. लोक आले, लिट्टी-चोखा आणि शीरखुर्मा खाऊन गेले, पुढच्या सभेला पुन्हा तेच पंधरा. जुने रहिवासी म्हणतात, “ते बाहेरचे, आज आहेत उद्या नाहीत, त्यांना कशाला?” ताईंचा प्रश्न: भाषेची आणि संस्कृतीची ही दरी बुजवायची कशी? आणि सभेत हिंदी बोलू की मराठी?

ताई, खाद्यमहोत्सवाचं फार मनाला लावून घेऊ नका. मी दोनदा घेतलाय. दुसऱ्यांदा तर पहिल्या वेळी काय झालं ते ठाऊक असूनही घेतला, कारण फोटो छान येतात आणि अहवालात ते लागतात. जेवायला एकत्र बसलेली माणसं दुसऱ्या दिवशी नळावर एकमेकींच्या हंड्याला लाथ मारताना मी पाहिली आहेत.

मला वाटतं, प्रश्न भाषेचा असेल तर तो आधी तुमच्या वडार गल्लीत दिसायला हवा होता. वडारांच्या घरात वडारी बोलतात. ती तेलुगूच्या जवळची, तुम्हा-आम्हाला चार शब्दही कळायचे नाहीत. तरी त्यांना वस्तीत कोणी बाहेरचं म्हणतं का? तुमच्या पंधरांत त्यांचे दोन-तीन जण नक्की असतील. भाषा परकी असून ते आतले, कारण त्यांच्याकडे फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाला मिळालेलं सरकारी ओळखपत्र आहे, जुनं वीजबिल आहे, मतदारयादीत आजोबांचं नाव आहे. वस्तीतली आत-बाहेरची रेघ बहुतेक वेळा कागदाने आखलेली असते. बोली आणि खाणंपिणं ही नंतर सांगायची कारणं.

हे कागदाचं प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण तुमचं निम्मं उत्तर तिथे आहे. आपल्याकडे झोपडीला संरक्षण मिळतं ते तारखेवर. १ जानेवारी २००० पूर्वीची असेल तर पुनर्वसनात घर मोफत, त्यानंतरची पण १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर पैसे भरून. आणि पात्रता ठरवताना त्या झोपडीत प्रत्यक्ष राहतंय कोण, हे बघतात. आता जुन्या रहिवाशाच्या जागी उभं राहून विचार करा. खाली स्वतः राहतो, वर माळा चढवून दोन खोल्या भाड्याने दिल्यात. उद्या सर्वेक्षण आलं आणि भाडेकरूने स्वतःच्या नावाचा काही पुरावा पुढे केला, तर हक्काचं काय होणार ही धास्ती त्याच्या पोटात कायम असते. म्हणून तो भाडेकरार करत नाही, भाड्याची पावती देत नाही, वीजबिलाची झेरॉक्स देत नाही. आणि तुम्ही काय केलंत? रजिस्टर उघडून त्याच्या भाडेकरूचं नाव, घर क्रमांक आणि सही मागितलीत. तुमच्या लेखी ती हजेरी होती. त्याला त्यात पुरावा तयार होताना दिसला. त्याने भाडेकरूला एवढंच सांगितलं असेल, “मीटिंगला जाऊ नको, लफडं होईल.” भाडेकरू कशाला जाईल? त्याला खोली टिकवायची आहे.

हे सगळं तुमच्या वस्तीत असंच असेल, असं मी इथे बसून सांगू शकत नाही. घरमालक त्याच वस्तीत राहतात की बाहेर, भाडेकरू कुटुंबं किती आणि आठ-आठ जणांनी खोली घेऊन राहणारी पोरं किती, पुनर्वसनाची कुजबुज सुरू आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. तुमच्यावरही आहे. तुमचं आडनाव वस्तीत तुमच्या आधी पोचलेलं असतं, कोणत्या गल्लीत तुम्हाला आधी चहा मिळाला हेही लोक लक्षात ठेवतात. माझं आडनाव जुन्या रहिवाशांना सोयीचं होतं. त्यामुळे मला पहिली पाच वर्षं वस्ती त्यांच्याच डोळ्यांनी दिसली, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा पहिलं काम समितीचं नाही, मोजणीचं. घरं मोजू नका, चुली मोजा. आता गॅसच्या शेगड्या आहेत, पण शब्द चुलीचाच बरा. एका दारामागे किती जणांचा स्वयंपाक वेगळा होतो, एवढंच बघायचं. नाव विचारायचं नाही, कागद मागायचा नाही. सकाळी पाण्याच्या वेळेला आणि रात्री नऊनंतर एकेक फेरी मारली की आठवड्यात चित्र उभं राहतं. एका वस्तीत संस्थेच्या यादीतल्या घरांच्या जवळजवळ दीडपट चुली आम्हाला सापडल्या होत्या. म्हणजे आमची ‘सगळी वस्ती’ तिच्या दोन-तृतीयांशच होती. उरलेले सभेला येत नव्हते, कारण त्यांना बोलवायचं असतं हेच आमच्या यादीला ठाऊक नव्हतं.

मोजताना कोण केव्हा मोकळं असतं तेही टिपून ठेवा. रविवारी संध्याकाळी सातला सभा, ही नोकरदार माणसाच्या डोक्यातली वेळ आहे. आमच्याकडच्या बऱ्याच वर्कशॉपना सुट्टी गुरुवारी असते. बांधकामावरचे लोक अमावस्येला काम बंद ठेवतात. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ. घरकाम करणाऱ्या बायका दुपारी तीन ते पाच घरी सापडतात. एकच वेळ सगळ्यांना जमणार नाही, हे मान्य करून टाका आणि सभा फिरती ठेवा.

जागेचंही तेच. इथे माझी एक चूक सांगते. सार्वजनिक संडासाच्या देखभालीची समिती करायची होती. मी पालांवरच्या एका बाईला आग्रहाने सदस्य केलं आणि मनातून खूष झाले. सभा व्हायची देवळाच्या सभामंडपात, संध्याकाळी सातला. ती आली, चपला काढतात तिथे बसली. दुसऱ्यांदा आली, तिथेच बसली. तिसऱ्या वेळी आली नाही, आणि मी अहवालात ‘गळती’ असा शब्द लिहिला. वर्षभराने तिच्याशी नीट बोलणं झालं तेव्हा म्हणाली, “मला कुणी वर बस म्हणलं नाही. आन् सात वाजता माझा सिग्नलचा धंदा असतोय.” ती गजरे विकायची. संध्याकाळचे सहा ते नऊ, एवढीच तिची कमाईची वेळ. मी तिला समितीत घेतलं होतं म्हणजे तिच्या दोन संध्याकाळच्या मिळकतीवर माझा समावेशकतेचा रकाना भरला होता.

त्यानंतर मी एक पथ्य पाळते. एखाद्या गटातून एकच माणूस कधी घ्यायचं नाही. दोन तरी हवीत, म्हणजे शेजारी बसायला कुणीतरी असतं आणि एक नसेल तर दुसरं येतं. आणि त्या गटाचा ‘प्रतिनिधी’ म्हणून जो आपणहून पुढे येतो त्याच्याकडे जरा सावधपणे बघायचं. यूपीवाल्यांचा म्हणून जो अस्खलित बोलणारा माणूस तुमच्याकडे येईल, तो बहुधा मजूर पुरवणारा ठेकेदार असेल. त्याच्यासमोर बाकीचे तोंड उघडणार नाहीत.

आता एकत्र आणायचं कशावर? माझा अनुभव असा की ‘एकोप्यासाठी’ म्हणून बोलावलं तर कोणी येत नाही. तारीख ठरलेल्या, छोट्या, निकडीच्या कामावर येतात. त्यातही असं काम निवडायचं ज्यात नव्या माणसाला घरमालकाचा कागद लागत नाही. नाहीतर पहिल्याच पावलाला तुम्ही दोघांना आमनेसामने उभं करता.

अशी दोन कामं मला हमखास उपयोगी पडली. एक म्हणजे जूनमधले शाळाप्रवेश. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही, आणि मूल कधी शाळेतच गेलं नसेल तर त्याला वयानुरूप वर्गात बसवायचं. शाळेत प्रत्यक्षात आधार, दाखला, फोटो, सगळं मागतात आणि बाई मुलाला घेऊन परत येते. तिथे कायद्याचं कलम वाचून दाखवण्यापेक्षा मुख्याध्यापकांना ओळखणारी वस्तीतली एक जुनी बाई सोबत नेणं जास्त चालतं. आमच्याकडे हे काम एका मावशींनी केलं. “बाहेरचे, बाहेरचे” सगळ्यात मोठ्याने त्याच म्हणायच्या आणि तीन खोल्या भाड्याने देणाऱ्याही त्याच. त्यांना समावेशकतेचं काही पडलेलं नव्हतं. भाडेकरूंची पाच पोरं दिवसभर त्यांच्या उंबऱ्यात धिंगाणा घालायची, ती शाळेत गेली की दुपारी झोप मिळेल, एवढा साधा हिशोब. मी त्यांचा हेतू शुद्ध करत बसले नाही. दोन जूनमध्ये त्यांनी बारा-तेरा मुलं शाळेत बसवली आणि पुढे त्या ‘माझी पोरं’ म्हणून सांगायला लागल्या. खोल्यांचं भाडं मात्र त्यांनी वेळच्या वेळी वाढवलं, तेही सांगते.

दुसरं काम रेशनचं. एक देश एक रेशनकार्ड योजनेत गावाकडच्या कार्डावर इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटात नाव असेल तर माणशी महिना ५ किलो. घरची अर्धी माणसं गावी असतील तर त्यांचं तिकडे आणि इथल्यांचं इकडे, असंही उचलता येतं. इथला पत्ता लागत नाही, घरमालकाला विचारावं लागत नाही. लागतं ते गावाकडच्या कार्डाला जोडलेलं आधार. अडचण येते ती दुकानात. “मशीनवर तुमचं नाव येत नाही” असं सांगून परत पाठवतात, कधी खरं असतं, कधी नसतं. चार बायका मिळून गेल्या, त्यातली एक जुनी गिऱ्हाईक असली, की मशीन पुष्कळदा चालू होतं. बांधकाम मजुरांच्या नोंदणीपासून मात्र सुरुवात करू नका. योजना चांगली आहे, पण वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो द्यायला ठेकेदार नाखूष. पहिल्याच कामात तोंडघशी पडलात तर दुसऱ्यांदा कोणी येणार नाही. आधी विश्वास कमवा, मग तिकडे वळा.

कामाच्या नात्याने जात-धर्म-गाव ओलांडून माणसं बांधली जातात, याचं उदाहरण पुण्यातच आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती कचरा वेचणाऱ्यांची संघटना म्हणून, आणि त्यातूनच २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था आली. ‘तुम्ही कोण’ याआधी ‘तुम्ही काय करता’ हे तिथे विचारलं गेलं.

बचत गटाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तो विषय येईलच. भाडेकरू बाईला गटात घेत नाहीत, कारण ती कर्ज घेऊन खोली सोडून जाईल. ही भीती निव्वळ पूर्वग्रह म्हणून झटकू नका, तसं घडतंही. आम्ही तोडगा असा काढला की पहिलं वर्षभर तिला स्वतःच्या साठलेल्या रकमेइतकंच कर्ज मिळेल. सगळ्यांना पटला असं नाही, पण दोन गटांनी मानला.

आता पालांचं. हे वेगळं लिहावं लागतं, कारण पारध्यांचं बाहेर असणं भाडेकरूंसारखं नाही. भाडेकरूला वस्ती बाहेरचा म्हणते, पारध्याला चोर म्हणते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माथी मारलेला तो शिक्का कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला तरी गेलेला नाही. वस्तीत एक मोबाइल हरवला की मंडळाची पोरं आधी पालांकडे जातात. त्यांच्या कागदांचीही वेगळीच गंमत आहे. काही पारधी अनुसूचित जमातीत मोडतात, काही विमुक्त जातीत, आणि जातीचा दाखला तिथेच लटकतो.

एकदा अशीच रात्री दहाला दहा-पंधरा पोरं निघाली होती. मला फोन आला तो मावशींचा. मी पोचेपर्यंत त्या आणि वडार गल्लीतले एक मिस्त्री पालांसमोर जाऊन उभे होते. मोबाइल दुसऱ्या दिवशी रिक्षात सापडला. त्या रात्री ते दोघं का गेले, याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्या कोणत्याही शिबिराचा त्यात हात नव्हता. पालांवरची दोन मुलं मावशींनीच शाळेत घातली होती आणि मिस्त्रींच्या हाताखाली पालांवरचा एक पोरगा कामाला होता. पोरांना अडवताना मिस्त्रींनी माणुसकीवर भाषण दिलं नाही, “तो पोरगा संध्याकाळपर्यंत माझ्याबरोबर स्लॅबवर होता” एवढं सांगितलं.

मोठ्या पातळीवर हेच भिवंडीत झालं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेलं ते गाव. १९८८ पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांपेक्षा साध्या माणसांच्या, हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांच्या, आणि त्या भागातल्या पोलिसाला सोबत घेऊन. दंगल नसतानाही त्या बसत होत्या, नळाची आणि गटाराची भांडणं सोडवत होत्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पेटल्यावर शांतता समिती सगळेच नेमतात. भिवंडीतली माणसं त्या वेळेपर्यंत चार वर्षं एकमेकांना गटारावरून ओळखत होती.

आता तुमच्या मार्चचं काय? वरिष्ठांना सरळ सांगून बघा की एकवीसपैकी बारा-तेरा नावं आत्ता देते, उरलेल्या जागा भाडेकरू आणि पालांसाठी मोकळ्या ठेवते आणि सहा महिन्यांत भरते. कागदावर रिकामी जागा दिसली की निदान कोण नाही हे लिहिलेलं राहतं. खोटी एकवीस नावं भरलीत तर ते कायमचं झाकलं जाईल. ते ऐकतील याची खात्री देत नाही. माझ्या एका वरिष्ठांनी ऐकलं होतं, दुसऱ्यांनी “डोनरला रिकामी जागा कशी दाखवू?” म्हणून नावं भरायला लावली होती. भरावीच लागली तर निदान भाडेकरूंमधल्या बायका घ्या, ठेकेदार नको. आणि रजिस्टरच्या पहिल्या पानावर ठळक लिहा की ही नोंद रहिवासाचा पुरावा नाही. घर क्रमांकाचा रकाना काढून टाका. ते पान घेऊन घरमालकांकडे स्वतः जा, वाचून दाखवा. माझ्या हिशेबात या एका पानाने जेवढी माणसं आणली तेवढी कुठल्या पथनाट्याने आणली नाहीत.

म्हणजे क्रम असा धरा: आधी चुली मोजा, मग घरमालकांची धास्ती कमी करा, मग जूनचे प्रवेश हाती घ्या, आणि समिती त्यातून काय उगवेल ती. मार्च आणि जून यांचं जुळत नाही, मला कळतंय.

राहिलं भाषेचं. मी पहिली काही वर्षं भाडेकरूंशी आवर्जून हिंदीत बोलायचे, चांगुलपणा म्हणून. बिहारच्या सिवान जिल्ह्यातून आलेल्या एका बाईने मला एक दिवस थांबवलं. म्हणाली, “मॅडम, आप मराठी में बोलिए ना. स्कूल में, दवाखाने में सब मराठी बोलते हैं, मुझे सीखना है. आप भी हिंदी बोलोगे तो मैं सीखूँगी किससे?” तेव्हापासून मी मराठीत बोलते, सावकाश, आणि अडलं की हिंदी. पण ते तिने मागितलं म्हणून. तुमच्या बायकांना काय हवंय ते त्यांनाच विचारा. बहुतेक दोन गल्ल्यांत दोन उत्तरं मिळतील.

आणि पुढची सभा ठरवण्याआधी कालनिर्णय उघडून अमावस्या बघा.